नमुन्यादाखल दिलेला कार्ब्युरेटर

४ एप्रिल, शनिवार

आज शेड उघडली. अण्णा गेल्यापासून कुलूप होतं. वडिलांच्या वस्तूंना मुलाने लगेच हात लावू नये, काही काळ जाऊ द्यावा, असं माझं मत. बायकोचं मत असं की काळ पुरेसा गेलेला आहे, आता गाडी जाऊ द्यावी.

तिचं चूक नाही. इस्पितळाचं शिवणकाम तिला मिळतंय. चादरी, उशांच्या खोळी, रुग्णांचे गाऊन. कायमचं काम. अट एकच, कापड बेतायला स्वतंत्र, स्वच्छ जागा हवी. एक जूनला मेट्रनबाई जागा पाहायला येणार. दोन खोल्यांच्या घरात शेडशिवाय जागा नाही, आणि शेडमध्ये अण्णांची गाडी, माझ्यापेक्षा वयाने मोठी.

कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर ती घ्यायला तयार आहेत. दोनदा विचारून गेले. बायको म्हणाली, आजच बोलवा, चार माणसं लावून ढकलून काढू. मी म्हटलं, बंद गाडी कुणाला द्यायची नाही. अण्णांची गाडी जाईल ती स्वतःच्या पायांनी. मी स्वतः चालवत डॉक्टरांच्या दारात नेईन आणि किल्ली हातात ठेवीन. ती म्हणाली, तुम्हाला येते का चालवायला? म्हटलं, येते. (अण्णांनी कधी चालवू दिली नाही. पण शेजारी बसून मी पुष्कळ पाहिलेलं आहे.)

अख्खा एप्रिल आहे. अख्खा मे आहे. एवढा वेळ लागणारच नाही.

५ एप्रिल, रविवार. सकाळी

देवापुढे बसलो, मग शेड. सेल्फ मारला. इंजिन खोकलं. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल धो-धो जमिनीवर.

कार्ब्युरेटर उघडला. दोष लगेच सापडला. आत पितळेचा पोकळ फ्लोट असतो. तो पेट्रोलवर तरंगतो आणि कार्ब्युरेटरची वाटी भरली की येणारं पेट्रोल बंद करतो. हा फ्लोट हलवला तर आत खुळखुळ. म्हणजे भोक पडून तोच प्यायलेला, तरंगणार कसा? उकळत्या पाण्यात धरला तर बुडबुडे आले.

फ्लोटवर एका बाजूला वाटाण्याएवढा डाग आहे, कथलाचा. अण्णांनी पूर्वी कधीतरी भोक बुजवायला डाग दिलेला. शेजारी त्यांची खूण, दोन तिरक्या रेघा. आपल्या प्रत्येक हत्यारावर ते ही खूण करायचे.

आजार कळला म्हणजे अर्धा बरा झाला. एक नवा फ्लोट आणायचा. आठवड्याचं काम.

६ एप्रिल, सोमवार

पंपिंग स्टेशनवर आमच्या फिटरला सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय, भोकावर डाग मारा आणि घाला. मी त्याला समजावलं की डागावर डाग म्हणजे ठिगळावर ठिगळ. नवा आणि ओरिजिनलच बसला पाहिजे. तो म्हणाला, गाडी विकायचीय की पोरगी नांदायला पाठवायचीय?

फिटर लोकांना घाई असते. मी स्टोअर सांभाळतो. इथे एक नियम मी आल्या दिवसापासून पाळलेला आहे. जुना भाग टेबलावर ठेवल्याशिवाय नवा मिळणार नाही. बेअरिंग हवं? मोडकं दाखव. वॉशर हवा? झिजलेला आण. लोक मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण या स्टोअरमधून कधी चुकीचा भाग गेलेला नाही. नमुना पाहावा, मग द्यावं. फ्लोटचंही तेच करायचं.

८ एप्रिल

ताईचा फोन. थोरली बहीण, त्यामुळे सुरुवात नेहमी रडण्यापासून. म्हणाली, अरे तू अजून रडला नाहीस ना? म्हटलं, नाही. म्हणाली, तुला काही वाटतं की नाही? म्हटलं, वाटत असणार, पण सध्या फ्लोट मिळत नाहीये. तिने फोन ठेवला.

ताई भावुक आहे.

११ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी

जुन्या बाजारात गेलो होतो. एका गाळ्यात चष्मेवाला म्हणून प्रसिद्ध गृहस्थ आहेत. जुन्या गाड्यांचे भाग डब्याडब्यांत भरून बसलेले. फ्लोट दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला, मग नाकावर उतरवून पाहिला. फ्लोट नाही म्हणाले. पण बाकी काय काय झिजलंय? म्हटलं, पाहिलं नाही. म्हणाले, एवढी वर्षं झाली, जेट झिजलेच असणार. जेट म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकांची पितळी नळकांडी. मग म्हणाले, जेट आहेत माझ्याकडे, कुठल्या तरी डब्यात. नमुना आणून ठेवा.

मला फार बरं वाटलं. या धंद्यात शिस्तीचा माणूस दुर्मिळ. घरी परत आलो, जेट काढले, पुन्हा गेलो, देऊन आलो. गाडी उघडलीच आहे तर एकदाच सगळं नवं होऊन जाईल.

१२ एप्रिल, रविवार

बायकोने विचारलं, झाली का? म्हटलं, होत आलीय. काल जेट दिले. ती म्हणाली, दिले की आणले? म्हटलं, देणं ही आणण्याची पहिली पायरी आहे.

ती पलंगावर कापड बेतत होती.

१८ एप्रिल

कार्ब्युरेटरची सुईही झिजलेली आहे. फ्लोट वर आला की ही सुई आपल्या बैठकीत बसून पेट्रोल अडवते. टोकाला कंगोरा पडलाय. बाजारात मिळणार नाही, घडवून घ्यावी लागेल. लेथवाल्याकडे गेलो. त्याला सगळे ‘उद्या’ म्हणतात. का, ते विचारलं नाही. काम पाहून म्हणाला, अहो, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. उद्या या.

सुई आणि बैठक, दोन्ही नमुन्याला देऊन आलो.

१९ एप्रिल

लेथवाला उद्या म्हणाला.

२० एप्रिल, सोमवार

शेवटी फ्लोटचा पत्ता लागला! दुसऱ्या शहरात एक व्यापारी आहे, फोनवरच धंदा करतो. आवाज भारदस्त. म्हणाला, साहेब, या मॉडेलचा माल अख्ख्या देशात फक्त माझ्याकडे. ओरिजिनल. फक्त तुमचा जुना पाठवा, ताडून पाहतो. मी काही बोलायच्या आत तोच हे म्हणाला. माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही.

फ्लोट कापसात गुंडाळून, डब्यात घालून पार्सल केला. देवाकडे फ्लोट मागितला नव्हता, फक्त मार्ग मागितला होता. मार्ग मिळाला.

२६ एप्रिल, रविवार

पाठीत टाचणी टोचली. अंथरुणात आणखीही होत्या. बायको आपणहून म्हणाली, या घरातून एक तर पलंग जाईल नाहीतर गाडी, मला कुठलंही चालेल. म्हटलं, मे अख्खा पडलाय. म्हणाली, हो, एप्रिलही पडलाच होता.

विनोदी स्वभाव आहे तिचा. लग्नाआधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

२९ एप्रिल

लेथवाला: उद्या.

२ मे, शनिवार

आज मोठा निर्णय. कार्ब्युरेटर नुसता पडून आहे आणि आत काहीच नाही. तेवढ्यात गॅस्केट करून घेतलेलं बरं. गॅस्केट म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारा पातळ पुठ्ठा. तो नीट कापायचा तर कापणाऱ्याला कार्ब्युरेटरची अख्खी बॉडीच समोर लागते. बॉडी पिशवीत घालून गॅस्केटवाल्याकडे दिली. तो म्हणाला, ठेवून जा त्या कोपऱ्यात. कोपरा पाहिला. तिथे बरंच काही होतं, म्हणजे लोकांचा विश्वास आहे त्याच्यावर.

घरी येऊन पाहिलं तर इंजिनावर जिथे कार्ब्युरेटर बसतो तिथे भोक उघडं. धूळ आत गेली तर अनर्थ. शिवणाच्या मशीनपाशी एक निळसर कापड पडलं होतं, ते घट्ट कोंबलं.

भाग सगळे मार्गी लागलेत. आता फक्त यायचे आहेत.

३ मे, रविवार

ते कापड म्हणजे गाऊनची बाही होती. बायकोने मेट्रनबाईंना दाखवायला गाऊन शिवायला घेतला होता, त्याची. तिने सकाळपासून घर पालथं घातलं. मी देवापुढे होतो. उठल्यावर सांगितलं. तिने शेडमध्ये जाऊन बाही उपसून काढली. काळी झाली होती.

म्हणाली, अहो, हा नमुना होता माझा. नमुना! दुनियेला नमुने मागत फिरता ना?

म्हटलं, चुकून झालं, कापड स्वच्छ होतं म्हणून घेतलं. ती उठली. मग नवं कापड काढून बसली पुन्हा शिवायला. दुपारी जेवताना मी म्हटलं, बाही पहिल्यापेक्षा छान झालीय. म्हणाली, ही पाठ आहे.

भोकात आता माझा जुना बनियन घातलाय.

६ मे

फोनवरच्या व्यापाऱ्याला फोन केला. पार्सल मिळालं म्हणाला. माल पाहून त्याला आनंद झाला. असा पीस हल्ली बघायलाही मिळत नाही म्हणाला.

९ मे, शनिवार

दाताचे डॉक्टर रस्त्यात भेटले. म्हणाले, काका, गाडी एकदा दाखवा तरी. म्हटलं, अजून दाखवण्यासारखी झाली नाही. म्हणाले, मला आहे तशी चालेल. म्हटलं, तुम्हाला चालेल, मला चालणार नाही. ते हसले आणि क्लिनिकमध्ये गेले.

चालत नसलेली गाडी दाखवायची नाही. शेवटच्या दिवसांत अण्णा अंथरुणावर होते तेव्हाही मी कुणाला आत सोडत नव्हतो. बरे होऊ दे, मग या, असं सांगून दारातून परत पाठवायचो. माणूस लोकांच्या लक्षात राहावा तो चालता-बोलता. ताईसुद्धा एकदा दारातून परत गेली. तिला राग आला. येऊ दे.

१० मे, रविवार

काही नाही. शेडमध्ये बसून होतो. पितळ पुसायला गेलो तर पुसायला काही शिल्लक नव्हतं.

१३ मे

गावातल्या शाळेत गुरुजी म्हणायचे, ज्याने कामाचे भाग पाडले त्याने काम निम्मं केलं. मी भाग पाडले आहेत. जेट बाजारात, सुई लेथवर, फ्लोट दुसऱ्या शहरात, बॉडी गॅस्केटवाल्याकडे. चार माणसं एकाच वेळी माझ्या कामाला लागलेली आहेत. आमच्या साहेबालाही हे जमलं नसतं.

फिटरला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे नमनालाच घडाभर पेट्रोल गेलं आणि आता घडाही गेला. मग विचारलं, तुमच्याकडे काय राहिलं? म्हटलं, गाडी.

१६ मे, शनिवार

लेथवाल्याने सुई केली! ‘उद्या’ म्हणणाऱ्यांना लोक उगाच नावं ठेवतात. काय चमक होती तिला, आरशासारखी. फक्त जाड झालीय. बैठकीत जाते का पाहू म्हटलं, तर बैठक सापडेना. त्याने खिसे पाहिले, ड्रॉवर पाहिला, लेथखालचा धातूचा भुगा पायाने चाळला. म्हणाला, इथेच आहे, जाते कुठे. आणि जुनी सुई? म्हणाला, ती तर तुम्हीच नेली. मी नेली नाही. पण वाद घातला नाही. नवी आल्यावर जुनीचं काय करायचं?

बैठक उद्या देणार.

२० मे, बुधवार. कामावरून आल्या आल्या

फ्लोट आला! ओरिजिनल!

डबा उघडला, कापूस बाजूला केला. पितळ घासूनपुसून लख्ख केलेलं. आकार तोच, वजन तेच. आणि आश्चर्य म्हणजे यावरही एका बाजूला वाटाण्याएवढा कथलाचा डाग, शेजारी दोन तिरक्या रेघा. म्हणजे ही कंपनीचीच खूण. इतकी वर्षं मी समजत होतो की अण्णांनी केली. हत्यारांवरची खूण त्यांनी हिच्यावरूनच उचलली असणार. अण्णा कुणाकडूनही चांगलं ते घ्यायचे.

व्यापाऱ्याला फोन करून आभार मानले. माझा जुना परत पाठवणार का विचारलं. म्हणाला, साहेब, तो आता विसरा.

२१ मे

फ्लोट उकळत्या पाण्यात धरला. बुडबुडे आले. जुन्यासारखेच, त्याच जागेतून. या मॉडेलमध्येच तो दोष दिसतो. कामावर नेऊन फिटरला दाखवलं. त्याने फ्लोट उलटासुलटा केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फ्लोटकडे पाहिलं. म्हणाला, भाऊ, यावर तुमच्या वडिलांची खूण आहे. म्हटलं, नाही, ती कंपनीची. त्याने फ्लोट माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाला, आणा इकडे, मी डाग मारून देतो.

दिला नाही. नव्या भागाला डाग कोण देतं?

२४ मे, रविवार

जुना बाजार. चष्मेवाल्याचा गाळा बंद. शेजारचा म्हणाला, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. त्यांचा जावई भेटला, त्याने माझ्यासाठी शटर अर्धं वर केलं. आत सगळे डबे. म्हणाला, काका, कुठल्या डब्यात ठेवलेत? म्हटलं, ते त्यांनाच माहीत. म्हणाला, त्यांना तरी कुठे दिसत होतं.

दोघांनी थोडे डबे पाहिले. मग त्याला भूक लागली.

२७ मे

गॅस्केट तयार. अगदी नेमकं कापलंय, सगळी भोकं जिथल्या तिथे. बॉडी मागितली. गॅस्केटवाल्याने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा झाडून स्वच्छ केलेला होता. भंगारवाला येऊन गेला म्हणे, पोत्यात भरताना त्यातच गेली असेल. मी शोधतो, तुम्ही काळजी करू नका, म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. कसलाही संबंध नसताना माझ्या कार्ब्युरेटरसाठी एका माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीच त्याची समजूत घातली.

गॅस्केट घरी आणून भिंतीवर खिळ्याला लावलं. शेडमध्ये एक तरी नवी वस्तू आली.

३१ मे, रविवार

सकाळी देवापुढे जरा जास्त वेळ बसलो. काही मागितलं नाही. उद्याची आठवण फक्त करून दिली.

मग बायको शेडमध्ये आली. पदर खोचलेला, हातात झाडू. म्हणाली, आज निदान गल्लीत तरी काढू. मी बोलावते शेजारच्यांना, पाच मिनिटांचं काम. म्हटलं, थोडं थांब, गाडी स्वतःहून जाईल. ती म्हणाली, कशावर जाईल? आणि बॉनेट उघडून वाकली. इंजिनातून माझा बनियन वर आला होता.

तिने विचारलं, ते यंत्र कुठेय? सगळं सांगितलं, कोणता भाग कुणाकडे ते. सांगताना हिशेब चोख लागत होता. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, म्हणजे ज्या दिवशी हे उघडलंत त्या दिवसापासून गाडी चालणार नव्हती आणि तुम्ही मला रोज सांगत होता होत आलीय. म्हटलं, होतच आली होती.

ती झाडू टेकवून पायरीवर बसली. मग उठून झाडायला लागली. गाडीच्या बाजूने, चाकांच्या मधून, जिथे हात पोचेल तिथे.

१ जून, सोमवार

मेट्रनबाई आल्या. रजा टाकून घरी थांबलो होतो, माहिती द्यायला कुणी असावं म्हणून. बाई स्वभावाने चांगल्या. गाऊन हातात घेऊन शिवण उलटी करून पाहिली, हात चांगला आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, जागा?

बायकोने शेड दाखवली. बाई दारातच उभ्या राहिल्या, आत जायला वाव नव्हता. मी त्यांना फ्लोटचं काम कसं चालतं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. तेलाच्या वासाबद्दल विचारलं. म्हटलं, पेट्रोलचा आहे, उडून जातो.

निरोप देताना बायकोला म्हणाल्या, गाऊन आणि चादरी दुसरीकडे द्याव्या लागतील, आमचा नाइलाज आहे. उशांच्या खोळी तेवढ्या घरी बसून करा, त्यांना जागा लागत नाही. ही म्हणाली, बरं. चहा घेऊन जा.

बाई गेल्यावर तिने कप विसळले. गाऊनची घडी घातली, कपाटात ठेवली. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

२ जून

कामावर गेलो. एकाने मोडकं न दाखवता बेअरिंग मागितलं. दिलं.

३ जून, बुधवार. संध्याकाळी

मी यायच्या आधीच बायको दाताच्या डॉक्टरांना घेऊन आली होती. शेडमध्ये उभे होते. मी धावत जाऊन बॉनेटवर हात ठेवला. म्हटलं, डॉक्टर, एक छोटंसं काम राहिलंय. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंही नाही. समोरच्या दिव्यांवर टिचकी मारली, दारं उघडझाप केली, पुढच्या भागाची रुंदी मोजली आणि खूश झाले.

गाडीचा पुढचा अर्धा भाग कापून क्लिनिकमध्ये बसवणार आहेत. रिसेप्शनचं काउंटर. दात दुखणाऱ्या पोरांना बरं वाटेल म्हणाले. म्हटलं, आणि इंजिन? म्हणाले, ते काढूनच टाकायचंय, तिथे काउंटरवरच्या मुलीचे पाय आणि कचऱ्याची टोपली येईल. म्हटलं, म्हणजे चालायला नको होती? म्हणाले, काका, मी ही चालवेन असं वाटलं तुम्हाला? माझी कंबर पाहिलीत का? एप्रिलपासून सांगतोय, आहे तशी द्या.

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. मीही तिच्याकडे पाहत नव्हतो, तरी ते कळलं.

४ जून

ताईचा फोन. डॉक्टर गाडी कापणार हे सांगितलं. ती रडली. मी ऐकून घेतलं. मग म्हणाली, तेव्हा मला आत का सोडलं नाहीस रे? मी म्हटलं, बरे होतील असं वाटत होतं. ती म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं होणार नाहीत ते. म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

या वेळी तिने फोन ठेवला नाही. दोघंही तसेच धरून बसलो.

६ जून, शनिवार

गाडी गेली. डॉक्टरांनी सपाट पाठीचा ट्रक आणि माणसं आणली. फिटरही आला होता, बोलावलं नसताना. शेडमधून ट्रकपर्यंत ढकलत न्यायची होती. स्टिअरिंगला कुणीतरी हवं होतं. फिटर म्हणाला, बसा तुम्ही, ढकलायला तसाही तुमचा उपयोग नाही.

अण्णांच्या जागेवर आजवर कधी बसलो नव्हतो. सीटला मोठा खड्डा पडलेला आहे. त्यांच्या मापाचा. मी त्यात इतका खाली गेलो की समोरचं नीट दिसेना. मागून सगळे ढकलत होते, त्यात बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा. उजवीकडे घ्या, उजवीकडे! मी घेतलं. गाडी इतकी अलगद निघाली की मला वाटलं एवढ्याशा जोरावर एप्रिलमध्येही निघाली असती.

ट्रकवर चढवल्यावर मला खाली उतरा म्हणाले. उतरायला जरा वेळ लागला. खड्डा खोल आहे.

फिटरने जाताना विचारलं, तो फ्लोट काय करणार? म्हटलं, पाहू.

७ जून, रविवार

शेड आता मोठी दिसते. जमिनीवर तेलाचा काळा डाग आहे. बायकोने सोडा टाकून घासला, फिका झाला, गेला नाही. म्हणाली, असू दे, वर टेबल येईल. खोळींना जागा लागत नाही याची मी तिला आठवण करून दिली नाही. ती म्हणाली, आधी टेबल करू, मग त्यांना पुन्हा बोलावू. नाही आल्या तर दुसरं इस्पितळ आहेच की. शहरात लोक काय एकाच ठिकाणी आजारी पडतात?

भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घ्यायचं होतं. शिवणाची टेप पुरेना, म्हणून सुतळी घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं, भिंतीला लावून धरा म्हणाली, आणि दुसरं टोक घेऊन ती समोरच्या भिंतीकडे गेली. तिथून ओरडली, धरलंय ना? म्हटलं, धरलंय. पुन्हा म्हणाली, अहो, नक्की धरलंय? म्हटलं, अगदी घट्ट.

वळून पाहिलं तर सुतळी केव्हाच सुटून तिच्या पायापाशी जाऊन पडली होती, आणि मी भिंतीला अंगठा दाबून उभा होतो.

ती वाकली. टोक उचलून परत माझ्यापर्यंत आली. या वेळी ते माझ्या बोटाला दोन वेढे घालून दिलं, आणि पुन्हा गेली पलीकडे.